चुन्याखालची भिंत

फोन आला तेव्हा मी मोठ्या बाजारात मासळीच्या ओट्यापाशी उभी होते आणि बोई माशांची पोटं नीट साफ करत नाही म्हणून मासळीवाल्याशी वाद घालत होते. एका हातात पिशवी, दुसरा ओला, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये चेपलेला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज फार अदबीनं म्हणाला, “रौदाबाई का? मन्नूबियाबाईंची मुलगी? बेच्या राजवाड्यात चौदा नंबरच्या खोलीत राहायचात, त्याच ना?” मी हो म्हटलं आणि पाठोपाठ इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. चाळीस वर्षं मी लोकांना ‘बार्दोत वाढले’ असं सांगत आले होते. बार्दोतही एक राजवाडा आहे, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही असं निदान मला तरी वाटत असे. “मी शिराझ,” आवाज म्हणाला. “राजवाड्याच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आहे. तुमच्या खोलीतल्या भिंतीबद्दल जरा विचारायचं होतं.” खोलीला चार भिंती असतात. कुठली भिंत, असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. “मी नंतर फोन करते,” असं म्हणून मी फोन बंद केला, आणि मासळीवाल्यानं आतडी न काढता बांधून दिलेले मासे मुकाट्यानं घेऊन घरी निघाले. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

बे, म्हणजे आमचा राजा, जाऊन प्रजासत्ताक आलं त्याला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा आम्ही त्या राजवाड्यात राहायला गेलो. बाबांना, तिजानी त्यांचं नाव, बंदरावर काम मिळालं होतं आणि शहरात खोली मिळत नव्हती. समुद्राकाठी तो अवाढव्य वाडा रिकामा पडला होता, त्यात सरकारनं आमच्यासारखी साठ बिऱ्हाडं घातली. राजकन्यांच्या बैठकीच्या दालनात मधोमध प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या, तेरा आणि चौदा. छत खूप उंच, रंगवलेल्या लाकडाचं. त्यावर इटलीहून आलेल्या कारागिरांनी सोनेरी वेलींमध्ये एक भलंमोठं फूल काढलेलं होतं. ते नेमकं मधोमध असल्यामुळे अर्धं आमच्याकडे आलं आणि अर्धं शेजारच्या तेरा नंबरवाल्यांकडे गेलं. मी आणि जमीला, माझी धाकटी बहीण, उताण्या पडून आपल्या वाटणीच्या पाकळ्या मोजायचो. चौकातल्या संगमरवरी खांबांना दोऱ्या बांधून बायका कपडे वाळत घालत. रंगीत काचांच्या खिडकीच्या कट्ट्यावर आमची चूल होती, आणि संध्याकाळी उन्हाचे लाल-निळे तुकडे उम्मीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, कणकेवर पडत. लहानपणी हे सगळं मला जगातलं सर्वांत साधं घर वाटायचं. घराला भोकं पडलेली असतात, छत इतकं उंच असतं की थंडी कधी जात नाही, आणि संडासाला रांग लावावी लागते, एवढंच मला माहीत होतं.

रमजानच्या आधी घर पांढरं करायचं हे आमच्याकडे ठरलेलं. रमजानच्या आधीचा शाबानचा महिना आला की हे काम निघायचं. उम्मी पिंपात चुनकळी विरवायची, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि झगा खोचून शिडीवर चढायची. खोलीच्या वरच्या अर्ध्या भागात जाळीसारखं कोरलेलं गिलाव्याचं नक्षीकाम होतं. बेच्या कारागिरांनी लोखंडी पात्यानं कोरलेलं ते काम दरवर्षी चुन्याचा एक हात खाऊन बुजत गेलं आणि शेवटी तिथे भाकरीच्या पापुद्र्यासारखे नुसते उंचवटे उरले. उम्मीला त्याचं काही वाटत नसे, उलट स्वच्छ झालं म्हणून ती खूश असायची. पण खाली, माझ्या गादीच्या वर, भिंतीत एक चौकट होती. झिलईच्या अठ्ठावीस लाद्यांची. कमानीखाली एक फुलदाणी, तिच्यातून वर चढत गेलेल्या हिरव्या काड्या, पिवळी फुलं, आणि अगदी वर एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन पक्षी. तिला मात्र उम्मी चुना लागू द्यायची नाही. शिडी लावायच्या आधी तिच्यावर जुनी चादर टांगायची, आणि सगळं झालं की व्हिनेगरच्या फडक्यानं एकेक लादी पुसायची. उम्मी आतल्या भागातली, मक्तरकडची. तिच्या गावात पाऊसच कमी, फुलं कुठून असणार? कणीक मळताना ती त्या चौकटीकडे बघत राहायची. हात आपोआप चालत असायचे. तसं बघणं तिनं आमच्याकडे, बाबांकडे कधी केलेलं मला आठवत नाही. मला त्या फुलदाणीचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या वर्गात दूजा नावाची मुलगी होती. ती नव्या इमारतीत राहायची, पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या घरात. एकदा ती आमच्याकडे आली आणि चौकटीकडे बघून म्हणाली, “शी, तुमची भिंत तर थडग्यासारखी दिसते.” एवढंच. ती लगेच दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागली, पण मी त्या रात्री जेवले नाही. मग शाबान आला. उम्मीनं सगळी खोली पांढरी केली, चौकट पुसली, आणि दुसऱ्या दिवशी ती एकाएकी आपल्या बहिणीकडे गेली, संध्याकाळपर्यंत येते म्हणून. पिंपात चुना उरलेला होता. शेजारी चुना मारायची कामं करणारे एक म्हातारे होते, ते नेहमी म्हणायचे, गुळगुळीत अंगाला चुना धरत नाही, आधी खरवडावं लागतं. मी बंदरावरच्या खानावळीतून बाबांनी आणलेला जाड लोखंडी काटा घेतला आणि गादीवर उभी राहून खरवडायला सुरुवात केली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. फुलदाणीवर, काड्यांवर, आणि टाचा उंचावून पक्ष्यांच्या पोटांवर. काटा वाकला तरी मी थांबले नाही. मग कुंचल्यानं एक हात, तो वाळल्यावर दुसरा. संध्याकाळी उम्मी आली. दारातच थबकली. बाबा तिच्या मागे उभे होते. ती हळूहळू भिंतीपाशी गेली, ओल्या चुन्यावर तिनं तळवा टेकवला, आणि मग पिंपाशेजारी खाली बसली. एक शब्द बोलली नाही. पांढरा हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. बाबांनी विचारलं, “हे कोणी केलं?” मी म्हटलं, मी केलं, घर छान दिसावं म्हणून. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. ते बाहेर निघून गेले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले तेव्हा उम्मी त्या चौकटीवर चुन्याचा आणखी एक जाड हात मारत होती, मेलेल्यावर चादर ओढावी तसा. पुढची सात वर्षं, आम्ही ती खोली सोडेपर्यंत, ती दरवर्षी तिथे चुना लावत राहिली. कणीक मळताना ती पांढऱ्या भिंतीकडे बघायची.

खाई त्याला खवखवे. मी भूगोल शिकवला, लग्न केलं, मुलं वाढवली, निवृत्त झाले, आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मोन्सिफ, माझा नवरा, एवढंच जाणून होता की आम्ही काही वर्षं राजवाड्यात होतो. त्याच्या घरच्यांना तेही माहीत नव्हतं. एकदा ईदला त्यांच्याकडे सगळे टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर कुणी तज्ज्ञ सांगत होते की अडाणी लोकांनी बेच्या राजवाड्याचा गोठा करून टाकला, लाद्या उखडल्या, कोरीव काम चुन्यात बुडवलं. सासूबाई म्हणाल्या, “रानटी कुठले!” मी मान हलवली. मान हलवली आणि बशीतला मक्रूद, खजुराची वडी, उचलून तोंडात टाकला, बोलावं लागू नये म्हणून. सहा वर्षांपूर्वी उम्मी आमच्याकडे राहायला आली. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. ती दिवसभर खिडकीशी बसून वाटाणे सोलते, मलोखियाचं कालवण ढवळते, खालच्या दुकानदाराला वरून सल्ले देते. मी तिच्यासमोर कधी लाद्या, भिंती, रंग असले विषय काढत नाही. आम्ही घर रंगवलं तेव्हा मी रंगाऱ्याला ती बाहेर गेली असतानाच बोलावलं होतं. हे वेडेपण आहे हे मला कळतं. पण माणसाला जे कळतं ते सगळं वळतं कुठे.

शिराझला मी फोन केला नाही. दोन दिवसांनी तिचाच पुन्हा आला, मी न्हात असताना, आणि फोन उम्मीनं घेतला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा उम्मी म्हणत होती, “हो गं पोरी, जिवंत आहे. मलाच कधीकधी खरं वाटत नाही. गुरुवारी येतो आम्ही दोघी.” फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “राजवाड्यावाल्या बाईचा होता. तू तिला उत्तर का दिलं नाहीस गं?” मी म्हटलं, विसरले. “मास्तरीण असून विसरलीस?” म्हणत तिनं वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि कपाटातून बाहेर जाताना अंगावरून घ्यायची आपली पांढरी सफसारी काढायला मला सांगितलं, इस्त्री करायची म्हणून. बुधवारी रात्रभर मला झोप आली नाही. ती भिंत उम्मीला पुन्हा बघावी लागणार होती, खरवडलेली, आणि या वेळी वर चुनाही नसणार. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, एका डोळ्यानं. मोन्सिफ म्हणाला, “इतकं काय आहे त्या भिंतीत? तिथे कुणाला पुरलंय का?” मी म्हटलं, झोप.

राजवाड्याच्या दारावर पत्र्याचं कुंपण होतं आणि आत चौकात बांबूच्या परांच्या. प्लायवूडच्या भिंती सगळ्या काढून टाकलेल्या. कपड्यांच्या दोऱ्यांचे खिळे मात्र संगमरवरी खांबांत तसेच होते. उम्मी दालनामागून दालन माझ्या हाताला धरून चालत होती आणि मोठ्यानं बोलत होती, “इथे अरबिया राहायची, कोंबड्या पाळायची. इथे त्या मुक्याचं बिऱ्हाड. इथे लग्नं व्हायची, बे बसायचा ना खुर्चीवर, तिथेच नवरीला बसवायचे.” प्रत्येक दालनाच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, उभट चौकोनी खड्डे होते, आतली माती दिसणारे. “इथेही होत्या चौकटी,” शिराझ म्हणाली. ती तिशीतली, केसांत धूळ, पँटच्या खिशात ब्रश. “एकोणीस होत्या. जुन्या फोटोंवरून मोजल्यात. सगळ्या छिन्नीनं काढून विकल्या गेल्या. उरलीय ती फक्त एक.” मग तिनं चौदा नंबरच्या उंबऱ्याशी असलेली पायरी आम्हाला दाखवली, आणि आम्ही आत गेलो. छतावरचं फूल अख्खं होतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली, कारण खाली ती होती. हिरव्या काड्या, पिवळी फुलं, पक्षी. चुना सगळा काढलेला. रंग कालच भट्टीतून काढल्यासारखे ओले दिसत होते. आणि त्यांच्यावरून, वरपासून खालपर्यंत, चार-चारच्या जुड्यांनी गेलेले ओरखडे.

शिराझनं उम्मीसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्या हातात फळीवर लावलेला एक छापील फॉर्म होता. “मावशी, चुन्याचे थर आम्ही मोजले. चुन्यानं काही बिघडलेलं नाही, उलट खारट हवेपासून वाचलंय हे. पण या रेघा आम्हाला कळत नाहीत. सगळ्या चारच्या जुडीत. परदेशातून आलेले आमचे एक सर म्हणतात, महायुद्धात सैनिकांनी संगिनींनी ओरबाडलं असेल. त्यांनी त्यावर दोन पानं लिहिलीत. तुम्ही राहायला आलात तेव्हा रेघा होत्या का?” उम्मी एक डोळा बारीक करून भिंतीकडे बघत होती. ती काही बोलायच्या आत बोलायला हवं, असं मला झालं.  “काट्यानं,” मी म्हटलं. “कसल्या काट्यानं?” शिराझनं विचारलं. “जेवायच्या. चार दातांच्या. मी केलं ते. अकरा वर्षांची होते.” शिराझचं पेन हवेतच राहिलं. आणि माझ्या मागून एक आवाज आला. आधी वाटलं उम्मी रडते आहे. ती हसत होती. सफसारीचा शेव तोंडाशी धरून, खांदे गदगदवत.

“तो काटा तू वाकवलास होय!” ती म्हणाली. “आणि मी तुझ्या बापाला बोल लावत होते, तू खानावळीतून वाकडाच उचलून आणलास म्हणून!” मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “उम्मी, मला माफ कर. तुझी फुलं होती ती.” “कशाबद्दल माफ?” तिला खरंच कळलं नव्हतं. “तू आलीस, बघितलंस आणि खाली बसलीस. बोलली नाहीस. आजपर्यंत बोलली नाहीस.” उम्मी माझ्याकडे बघत राहिली, जरा काळजीनं, मी आजारी आहे का अशा नजरेनं. “अगं वेडे,” ती म्हणाली, “तो टेपवाला आठवतो तुला? लाद्या मोजून जायचा तो?” मला आठवत होता. मला तो घरं तपासणारा सरकारी माणूस वाटायचा. “कसला सरकारी! लाद्यांचा दलाल तो. कुणाला गॅसची शेगडी द्यायचा, कुणाला रेडिओ. तुझ्या बापाला मोपेड देणार होता. तुझा बाप रोज दीड तास चालत बंदरावर जायचा, मी तरी कुठल्या तोंडानं नको म्हणू? दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्न्या घेऊन माणसं येणार होती. मी बहिणीकडे रडायला गेले होते. परत आले तर भिंत पांढरी. मला वाटलं, आजच काढून नेल्या आणि खड्डा बुजवला. हात लावला तर लाद्यांचे सांधे लागले बोटांना. जागेवर होत्या गं सगळ्या! माझे पायच गळाले, म्हणून बसले.”

“मग बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला होता, शिराझसमोर, मला त्याचं भान नव्हतं. “तुझा बाप मागे उभा होता ना! मी हसले असते तर म्हणाला असता, दोघींनी मिळून केलं. सकाळी उठून मीच आणखी एक जाड हात मारला, कुठून हिरवं दिसायला नको. तो दलाल आला, चुना नखानं उकरून बघितला, ओरखडे बघितले, च् च् करून गेला. म्हणाला, असला खराब माल कोण घेणार? पण तो मेला दर वर्षी डोकवायचा, म्हणून मी चुना काही सोडला नाही.” “आणि नंतर? आपण इथून गेल्यावर? मला सांगायचं नाही?” उम्मी खरोखर विचारात पडली. ती आठवत होती. “तेव्हा तू लहान, बापाशी बोलून गेली असतीस. मग जमीलाला गोवर निघाला. मग तुझी मावशी बाळंत झाली…” तिनं हात हलवला. “गेलं बाई डोक्यातून.”

साप साप म्हणून मी सत्तेचाळीस वर्षं भुई धोपटत होते, आणि तिच्या डोक्यातून ते गोवरामुळे गेलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. छातीतून काहीतरी खाली सरकलं, इतकं सावकाश की मला ते सरकताना कळत होतं. बाबा आठवले, आठवडाभर अबोला धरलेले, आणि मी ज्याला उम्मीसाठीचं दुःख समजत होते ते हातची गेलेली मोपेड होती. बिचारे पुढे सात वर्षं पायीच गेले. मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही, आणि मी दोन्ही केलं. शिराझनं खिशातला कागदी रुमाल दिला, तोही धुळीनं भरलेला. “या रेघा आम्हाला भरता येतात,” ती हळूच म्हणाली. “दिसणारही नाहीत.” “त्या कशाला भरायच्या?” उम्मी म्हणाली. “बाकीच्या अठरांना रेघा नव्हत्या. कुठे आहेत त्या?”

 शिराझनं फॉर्म माझ्यापुढे धरला. एका रकान्यावर छापलेलं होतं, ‘नुकसानीचं कारण’, आणि त्याखाली पेन्सिलीनं ‘सैनिक, संगीन?’ असं लिहिलेलं. “हे मला खोडावं लागेल,” ती म्हणाली. “सरांना वाईट वाटेल. काय लिहू?” चाळीस वर्षं मी या घराचं नाव कुणापुढे उच्चारलं नव्हतं. मी नाक पुसलं, उठून उभी राहिले, आणि वर्गात हजेरी घेताना बोलायचे तशा आवाजात सांगितलं, “लिहा. रौदा बिन्त तिजानी. वय अकरा. राहणार इथेच.”

“आणि पुढे लिही,” उम्मी खुर्चीतून म्हणाली, “कुणाला न विचारता.”